संत पॅट्रिकची पत्रावळ

जावईबापूंचा सण खुद्द जावईबापूंना आठवत नव्हता. तो मला आठवला, आणि पुढचे सगळे त्यातून झाले.

गोष्ट २०२५ च्या मार्चमधली. मुलगी, जावई आणि सात वर्षांचा नातू असे तिघे डब्लिनहून चंद्रपूरला आले होते. जावई अस्सल आयरिश. लग्न मात्र इथेच, २०१६ साली लागले, आणि तेव्हा आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती. वर्ध्याला १९७५ पासून, गडचिरोलीला १९९३ पासून आणि आम्हाला १ एप्रिल २०१५ पासून. वरपक्षाची सोळा माणसे आयर्लंडहून आली आणि मठ्ठ्यावर नाचली. २०२१ साली आमची बंदी उठली तेव्हा मी व्याह्यांना मुद्दाम कळवले. ‘पाच वर्षे उशीर झाला,’ असे त्यांचे उत्तर आले.

त्यांचे सांत्वन करावे म्हणून मी आयर्लंडचा इतिहास उघडला. जन्मभर इतिहास शिकवला. दुसरे सांत्वन मला येत नाही. तेव्हा कळले की खुद्द आयर्लंडात संत पॅट्रिकच्या दिवशी, म्हणजे सतरा मार्चला, १९२० च्या दशकापासून पार १९६० च्या दशकापर्यंत दारूचे गुत्ते कायद्याने बंद असत. डब्लिनमध्ये उघडपणे घोट मिळण्याची एक जागा म्हणजे त्या दिवशी भरणारे कुत्र्यांचे प्रदर्शन. त्या काळात डब्लिनकरांना कुत्र्यांविषयी जे प्रेम उत्पन्न झाले, ते नंतर म्हणे पुष्कळच ओसरले. हे मी व्याह्यांना लिहिले. उत्तर नाही. पण मला मात्र तेव्हापासून त्या सणाचा नाद लागला.

तर त्या वर्षी तेरा मार्चला होळी झाली, चौदाला धुळवड झाली, नातू तीन वेळा आंघोळ करूनही जांभळाच राहिला, आणि पंधराला सकाळी मी जाहीर केले, “सतराला रात्री आपल्याकडे संत पॅट्रिकचे जेवण. टेबल मी सजवणार.”

“सतराला संकष्टी आहे,” आमची ही म्हणाली.

म्हणजे चंद्रोदयापर्यंत उपास. जावई हसले. त्यांच्याकडेही तेव्हा उपासच चालू असतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. सतरा मार्च नेमका त्या चाळिसांत येतो, आणि त्या एका दिवसापुरती संतांच्या नावाने सूट मिळते. उपासात सूट शोधणारी माणसे आपलीच, असे मला तेव्हाच वाटले.

आता टेबल. आमचे टेबल आलापल्लीच्या सागाचे. चांद्याचे चंद्रपूर झाले त्या सुमारास, म्हणजे १९६४ च्या आसपास, वडिलांनी करून घेतले. आजी त्यावर कधी जेवली नाही. तिच्या लेखी ते लोणच्याच्या बरण्यांचे स्टँड होते. यात तिचा काय दोष? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि आणखी मंडळी गेली. पुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसताच कपाला हात लावला. तेवढ्यावर पुण्यात जे ग्रामण्य माजले ते प्रायश्चित्तापर्यंत गेले. ख्रिस्ती टेबलाच्या काठावरचा नुसता चहा! मी तर संताच्या नावाने अख्खे टेबल मांडणार होतो.

मुलीने डब्लिनच्या दुकानातून सजावटीचा एक पुडा आणला होता. हिरवे कागदी रुमाल, हिरव्या टोप्या, चॉकलेटच्या सोनेरी मोहरा आणि कागदी झेंड्यांची माळ. सारे चीनमध्ये तयार झालेले. पारा चाळिशीला टेकला होता. मोहरांचा प्रवासातच हलवा झाला. रुमाल टेबलावर मांडले आणि पंखा लावला, तर रुमाल दिवाणखान्यात गेले. पंखा बंद केला, तर मेणबत्त्या न पेटवताच वाकू लागल्या. झेंड्यांची माळ मी गच्चीच्या कठड्याला बांधली. हिरवा, पांढरा, नारिंगी. त्यांचे पट्टे उभे असतात, मी माळ आडवी बांधली. पंधरा मिनिटांत शेजारच्या काकांनी हाक मारली.

“का जी मास्तर, आता कोणता सव्वीस जानेवारी? अन् चक्र कुठं गेलं?”

मी त्यांना सांगितले की हा १८४८ साली प्रथम फडकलेला आयर्लंडचा झेंडा. हिरवा तिथल्या कॅथलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा आणि मधला पांढरा दोघांत समेट व्हावा म्हणून. शिवाय आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वे त्यांच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहेत. काका सगळे ऐकून घेऊन म्हणाले, “ते खरं जी, पण चक्र लावून घ्या. कोणी तक्रार करन.”

रंगाचेही गंमत अशी की या सणाचा जुना मान हिरव्याला नव्हताच. १७८३ साली संत पॅट्रिकच्या नावाने सरदारांचा एक संप्रदाय स्थापन झाला, त्याचा रंग निळा. हिरवा पुढे आला तो १७९८ च्या बंडाच्या आगेमागे, बंडखोरांमुळे. मी नातवाला म्हटले, आपण निळेच टेबल करू. आमच्या गावात निळ्याला स्वतःचा इतिहास आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. नातवाने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “आजोबा, पण शाळेत सगळे हिरवेच घालतात.” लोकमतापुढे इतिहासाचे काही चालत नाही. हिरवे ठरले.

सजावटीचा मुख्य देव म्हणजे शॅमरॉक. तीन पानांची इवलीशी वनस्पती. हे पान दाखवून पॅट्रिकने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य लोकांना समजावले, अशी आख्यायिका. पॅट्रिक स्वतः आयरिश नव्हे बरे का! पाचव्या शतकातला रोमन ब्रिटनमधला मुलगा. सोळाव्या वर्षी आयरिश चाच्यांनी पळवून नेला, सहा वर्षे गुरे राखायला लावला. तो निसटला, घरी पोचला आणि पुन्हा त्याच लोकांत धर्म सांगायला गेला. शॅमरॉक म्हणजे नक्की कोणते झाड, याचा छडा १८९० च्या दशकात नॅथॅनिएल कोल्गन नावाच्या गृहस्थाने लावायला घेतला. त्याने गावोगावच्या लोकांकडून त्यांचा त्यांचा ‘खरा’ शॅमरॉक मुळासकट मागवला, लावला आणि फुलू दिला. एकच जात निघाली नाही. बहुतेक दोन निरनिराळ्या निघाल्या, आणि दोन्ही आपण गाईला घालतो त्या बरसीमच्या चुलत बहिणी.

चंद्रपुरात शॅमरॉक कुठला? मी वहीत नावे लिहीत बसलो होतो. तेवढ्यात ही बाजारातून आली आणि मेथीची जुडी माझ्यापुढे टाकली. “बघा, तीनच पाने आहेत.”

खरोखर तीन! पन्नास वर्षे मेथी खाल्ली, कधी मोजली नव्हती. काचेच्या मोठ्या वाडग्यात ती जुडी उभी केली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. यालाही राजमान्य आधार आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या आयरिश राजदूताने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना शॅमरॉकची एक पेटी पाठवली, आणि पुढे आयर्लंडच्या पंतप्रधानाने अमेरिकेच्या अध्यक्षाला काचेच्या वाडग्यातून शॅमरॉक देण्याचा दरसालचा रिवाज पडला. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा तो वाडगा एका वराडकराच्या हातात आला. १२ मार्च २०२० ला, करोनाच्या सुरुवातीला, वराडकर आणि ट्रंप यांनी हस्तांदोलन टाळून एकमेकांना चक्क नमस्कार केला! मी ते दूरदर्शनवर पाहिले आणि एकटाच टाळ्या वाजवल्या. तो अमेरिकेतला शॅमरॉक म्हणे सुरक्षेच्या नियमापायी नंतर नष्ट करतात. आमच्याचे काय करायचे ते हिने आधीच ठरवले होते. लसूण घालून.

पण मला खरी हौस होती ती पत्रावळीची. हिरव्या सणाला हिरवे पान. जगात याहून योग्य ताट नाही. शिवाय त्यांच्या टेबलाला काटा डावीकडे आणि सुरी उजवीकडे असे जे सोवळे आहे, ते आपल्या पानाला आधीपासूनच आहे. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. चुकून लिंबू उजवीकडे वाढले तर आजी वाढणाऱ्याला तिथल्या तिथे वळवत असे. गोलबाजारात गेलो. दुकानदाराने ‘पत्रावळ’ म्हणून जे काढले ते कागदाचे, आणि त्यावर पान छापलेले. २०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या ताटल्या बंद झाल्या तेव्हा मला वाटले होते की पळसाचे दिवस पालटले. पालटले ते छापखान्याचे.

मग मी धानोऱ्याकडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. १९८२ साली मी तिकडे मास्तर होतो. त्या वर्षी २६ ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मी रात्री चंद्रपूर जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी बदलीचा हुकूम नसताना दुसऱ्या जिल्ह्यात उठलो. तो विद्यार्थी आता स्वतः आजोबा आहे.

“सर, कितीक पायजे?”

“पाच. हिरव्यागार. पळसाच्या.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो मास्तराला शिकवावे लागल्याच्या संकोचाने म्हणाला, “सर, मार्चात पळसाले पानं कुठं राहतात? फुलं राहतात.”

मी कपाळाला हात लावला. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण चाळीस वर्षे वर्गात फळ्यावर लिहिली. मार्चमध्ये तीही नसतात हे ध्यानात आले नाही. खिडकीतून पाहिले तर समोरचा पळस अंगावर एक पान न ठेवता नुसता पेटलेला.

सोळाला संध्याकाळी तो स्वतः बसने आला. हिवाळ्यात तोडून, काड्यांनी टाचून, वाळवून ठेवलेल्या पत्रावळींचा गठ्ठा (पाच नव्हे, पन्नास), फुलांनी लडलेली पळसाची एक फांदी आणि बांबूची एक टोपली. जावई त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण तो पैसे घेत नव्हता. तो म्हणाला, त्याच्या शेजारच्या मेंढा गावाला, म्हणजे मेंढा-लेखाला, २००९ साली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. आता पान, बांबू ग्रामसभेचे. “आधी पान आणाले गेलो तरी गार्डले भ्यावं लागे, सर.” मी हे इंग्रजीत सांगितले. जावई मान हलवत म्हणाले, “आमच्याकडे हे जमिनीचे असे झाले. १९०३.”

हे ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. १९०३ चा तो कायदा, ज्याने आयरिश कुळांना जमीनदाराकडून जमीन विकत घेता आली, त्यामागचा एक मोठा माणूस सर अँटनी मॅकडॉनेल. जन्म मेयो परगण्यातला. आणि १८९० च्या सुमारास हाच गृहस्थ आमच्या मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता! चांदा जिल्हा त्याच्या हाताखाली होता. १९०१ च्या हिंदुस्थानातल्या दुष्काळ आयोगाचा अध्यक्षही तोच. १९०३ मध्येच संत पॅट्रिकचा दिवस आयर्लंडात सार्वजनिक सुट्टीचा झाला. मी हे सगळे एका दमात सांगितले. विद्यार्थी उठून उभा राहिला, जुनी सवय.

सतराला मी टेबल मांडायला घेतले. वाळक्या पत्रावळी ओल्या फडक्यात ठेवून मऊ केल्या. रंग तपकिरी. हिरवे म्हणून टेबलावर मेथी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि सांभारवडी. (पुण्याच्या वाचकांसाठी: विदर्भात सांभार म्हणजे कोथिंबीर. मद्रासी आमटीची वडी कोणी करत नाही.) पांढरा म्हणून भात आणि उकडीचे मोदक. मध्ये पळसाची फुले. हिने टेबलाभोवती जमिनीवर तीन पाकळ्यांची रांगोळी घातली; काका डोकावून म्हणाले, “बेल काढला का?”

जावई टेबलाकडे बघून हसत सुटले. हिरवे, पांढरे, नारिंगी. “माझी आजी असती तर ती फुले पहिल्यांदा उचलली असती. आजच्या दिवशी नारिंगी!” १६९० सालची लढाई आजीच्या स्वयंपाकघरात अजून संपलेली नव्हती.

आणि मग नातू ओरडला. फांदीच्या बुडाशी एक जुने पान तगून राहिले होते. दोन बाजूंना दोन आणि टोकाला एक, तळहाताएवढी तीन दळे.

“शॅमरॉक! आजोबा, केवढा मोठ्ठा!”

मला माझी आजी आठवली. ती याच पानाची तीन दळे दाखवून ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणत असे. ते नातवाला सांगावे म्हणून मी तोंड उघडले, तर तो पान घेऊन आजीकडे पळाला होता.

चंद्र नऊनंतर उगवला. हिने नैवेद्य दाखवला, आम्ही बसलो. जावयांचे पाय पाटावर मावत नाहीत, म्हणून पत्रावळी टेबलावर, पंखा एकवर, आणि प्रत्येक पत्रावळीच्या काठाखाली पाण्याचे बोट, आजीच्या रीतीप्रमाणे. बटाटे त्या बांबूच्या टोपलीत घातले होते, सालासकट उकडलेले, वाफाळणारे. उपासाला चालणारे आणि आयर्लंडला शोभणारे. मी टोपली टेबलाच्या मधोमध सरकवली आणि गेले दोन दिवस जपून ठेवलेला विनोद काढला.

“जावईबापू, आमच्याकडे बटाटा उपासाला चालतो. तुमच्याकडे बटाट्याचाच सण!”

कोणी हसले नाही. मुलीने माझ्याकडे असे पाहिले की मी ठेच्याकडे पाहू लागलो.

मला ठाऊक नव्हते असे नाही. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ऐंशी लाखांवर असलेला देश १८५१ साली पासष्ट लाखांवर आला. धान्य त्या काळातही जहाजांतून बाहेर जातच होते. वर्गात हे मी सनावळीसकट सांगितले आहे. मदतीची वर्गणी कलकत्त्याहून गेली, हेही. पण सनावळी फळ्यावर असते. इथे माणूस समोर बसला होता, आणि टोपलीकडे बघत होता.

थोड्या वेळाने तो बोलला, हळू. त्याच्या आजीच्या घरी, पश्चिमेकडे, अशीच टोपली भिंतीला टांगलेली असे. पूर्वी तीच टेबल होती. तीन पायांच्या भांड्यात बटाटे उकडायचे, या टोपलीत ओतायचे म्हणजे पाणी निथळे, मग टोपली त्याच भांड्यावर ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसायचे. मध्ये मीठ, असले तर ताक. ताटे नाहीत, काटे-सुऱ्या नाहीत. आजी ती टोपली कोणाला वापरू देत नसे आणि टाकूही देत नसे.

माझ्या आजीला पत्रावळीवर एक शीत टाकलेले खपत नसे. तिच्या सासूने छपन्नचा दुष्काळ पाहिला होता, १८९९-१९०० चा. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत चांदा जिल्ह्याची वस्ती वाढली नाही, घटली. जंगलाकडची माणसे मोहाच्या फुलांवर आणि कंदांवर जगली, असे सासू सांगे. आजी पान पुसून उठे आणि आम्हा पोरांची पाने तपासत असे. हे मी जावयांना सांगितले. या वेळी मास्तरासारखे सांगता आले नाही.

त्यांनी एक बटाटा उचलला, अंगठ्याच्या नखाने त्याची साल एका ओढीत काढली, मीठ लावले आणि नातवाच्या पत्रावळीवर ठेवला. डावीकडे. “उजवीकडे,” ही म्हणाली. “भाजीची बाजू उजवी.” त्यांनी उचलून उजवीकडे ठेवला. मग सगळ्यांनीच नखाने सोलायला सुरुवात केली आणि बोटे भाजली. नातवाने मोदकाला मीठ लावून खाल्ले. एक मेणबत्ती पूर्ण वाकून ठेच्यात शिरली, तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

मेथीची भाजी दुसऱ्या दिवशी झाली. झेंड्यांची माळ रंगपंचमीपर्यंत होती. काकांनी शेवटी निळ्या पेनाने एका झेंड्यावर चक्र काढून दिले. पळसाचे पान नातवाने माझ्या कोशात दाबून ठेवले आहे. हिरवा पाला विमानातून नेऊ देत नाहीत, असे मुलीने त्याला पटवले. टोपली मात्र जावयांनी मागून घेतली. ती कोणत्याच बॅगेत मावेना. शेवटी नातू ती डोक्यावर घालून नागपूरच्या विमानतळात शिरला आणि तशीच घेऊन डब्लिनला उतरला.

परवा व्हिडिओवर मुलीने स्वयंपाकघर दाखवले. टोपली भिंतीला खिळ्यावर आहे. तिच्यात बटाटे नाहीत. फोनच्या वायरी आहेत.